बठ्ठा वनात

तुमच्या बहिणीने घरच्या बोलीत मारलेली हाक तुम्हालाच कळली नाही, असं कधी झालंय का? माझ्या बाबतीत झालंय, आणि तेही मोबाईलवरच्या एका गेममध्ये.

यंदा मी तीन गेम खेळलो. खरं सांगायचं तर तिन्हींनी दमवलं. शेतीच्या गेममध्ये केळी बियाण्याच्या पाकिटातून पेरतात आणि चहा उकळेपर्यंत घड पिकतो. केळीची बाग असलेल्या सावद्याच्या मावशीला दाखवलं, तर ती म्हणाली, कंद लावला नाही, बुंध्याशी फुटलेली पिलं कापली नाहीत, मग खेळणाऱ्याने केलं तरी काय? शहर वसवायच्या गेममध्ये मी सगळ्या वस्त्यांना सारखं पाणी दिलं. तिथे कोणी मोर्चा काढत नाही, सभा घेत नाही. लोक फक्त हिरवे नाहीतर लाल चेहरे दाखवतात. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. त्यांच्या घड्या घालतच मी मोठा झालो. मला ते शहर दोन दिवसांत नकोसं झालं.

तिसरा गेम बंदुकीचा. चौघांचा गट बेटावर उतरतो, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. तत्त्व म्हणून मी त्याच्या विरोधात होतो. खेळायला लागलो तो बहिणीमुळे. ती शिरपूरला कॉलेजात, मी जळगावला नोकरीत. गावी भेट होते ती सणालाच. रविवारी दुपारी गेममध्ये मात्र तासभर शेजारी शेजारी पळायचो. बाकीचे दोघे पुण्याचे, मला एका शिबिरात भेटलेले. समतेवर माझ्यापेक्षा छान बोलतात.

आमच्यात सगळ्यात चांगला नेम बहिणीचा. ऑनलाइन स्पर्धेत उतरायची कल्पनाही तिचीच. मैत्रिणींना तिने आधीच सांगून ठेवलं होतं. घाई झाली की ती आमच्या घरच्या अहिराणीत शिरते. ‘तठे शे, झाडना मांगे शे,’ म्हणजे तिथे, झाडामागे. पहिल्याच दिवशी पुण्याच्या एकाने विचारलं, ‘ही शे शे करून कोणाला हाकतेय?’ दुसरा हसला. मीही हसलो, हे लिहायला हवं.

स्पर्धेची पहिली फेरी. आम्ही तिघे एका घरात, ती त्याच घराच्या गच्चीवर. एकदम माईकवर तिचा आवाज आला, ‘बठ्ठा वनात, बठ्ठा वनात.’

आमच्या बोलीत ‘बठ्ठा’ म्हणजे सगळे आणि ‘वनात’ म्हणजे आले. समोरचा गट दारापर्यंत आला, असं ती सांगत होती. पुण्याच्या दोघांनी ऐकलं की सगळे वनात आहेत, आणि ते मागच्या दाराने झाडीकडे धावले. त्यांना माहीत नव्हतं, ठीक आहे. पण मीही धावलो. अहिराणी जगवा म्हणून दोन पत्रकं लिहिलेला मी त्या दोघांच्या आधी झाडीत पोचलो. घरात ती एकटी पडली. तिघांना तिने पाडलं, चौथ्याने तिला.

मग ती म्हणाली, ‘भाऊ, तू बी जंगलमा गया?’

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आम्ही तिघे उरल्यामुळे कसेबसे पुढे गेलो. पुण्याच्या मित्रांनी मला वेगळा फोन केला. म्हणाले, तिला ठेवू, नेम चांगला आहे, पण माईक बंद ठेवायला सांग, गोंधळ होतो. चार-पाच शब्दच तर आहेत, शिकून घेऊ, असं त्यांच्यापैकी कोणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. निरोप मात्र मीच पोचवला, अगदी शुद्ध मराठीत.

पुढची फेरी ती मुकाट खेळली. एकदा भिंतीपाशी उभी राहून नुसत्या उड्या मारत होती. आम्हाला वाटलं, मजा करतेय. ती धोका दाखवत होती. हरलो. त्याच संध्याकाळी तिने गेम फोनमधून काढून टाकला. मी फोन करून म्हणालो, माझं चुकलं, परत ये, अहिराणीतच बोल.

‘मी बोलसू,’ ती म्हणाली. ‘ऐकाले कोण शे?’

यावर नवं पत्रक लिहायचं त्राण माझ्यात नाही. त्या गेमबद्दल माझं मत एवढंच, की त्यात बंदुका ढीगभर आहेत, पण सगळ्यात सहज चालतं ते दुसऱ्याचा आवाज बंद करायचं बटण.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं. गटात कोणी न कळणारा शब्द बोललं, तर हसण्याआधी अर्थ विचारा, त्यापायी डाव हरलात तरी चालेल. आणि येत्या रविवारी आपापल्या घरच्या बोलीतले चार शब्द एकमेकांना शिकवा: आला, गेला, मागे, पुढे. सुरुवात आमच्या बोलीपासून करा. शे म्हणजे आहे. वनात म्हणजे आले. एकदा मोठ्याने म्हणून बघा.