बाबांनी दिवा चालू ठेवला नव्हता

मी रामटेकला गेले ते गाऱ्हाणं घेऊन. देव असलं काही ऐकतो का, याचीच शंका होती, तरी हात जोडून म्हटलं, "रामा, माझ्या बाबांची स्मरणशक्ती जाऊ देऊ नकोस."

बाबांनी गांधीबागेत कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं काढली. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला काठ आवडतो हे त्यांना तोंडपाठ असे. पण दिवाळीनंतर आमची कार दोन-तीन दिवस उभी राहिली की सुरूच होईना. दुपारी गाडीत बसून भजनं ऐकायची त्यांना सवय होती. मी ठरवून टाकलं की गाडीतला दिवा तेच चालू ठेवतात आणि बॅटरी उतरते. "बाबा, किती विसरता तुम्ही!" असं शेजाऱ्यांसमोरही म्हणाले. डॉक्टरांनी तपासून वयाच्या मानाने सारं ठीक असल्याचं सांगितलं, तेही मला पटलं नाही. एक दिवस किल्ली काढून घेतली. त्यानंतर बाबा गॅसचं बटण तीनतीनदा बघू लागले.

दर्शनानंतर मी आणि बाबा तिथेच आत्याकडे दोन दिवस राहिलो. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. निघायच्या सकाळी गाडी पुन्हा मेलेली. मी कपाळाला हात लावला, तर बाबा हळूच म्हणाले, "माह्याकडूनच राहिलं असन वं काही. मले आता आठवतच नाही."

त्यांनी गाडीला हातही लावला नव्हता. तरी ते चूक कबूल करत होते.

तेवढ्यात बायकोला दर्शनाला घेऊन निघालेले एक गृहस्थ आमच्यापाशी थांबले. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे होते. सगळं ऐकून त्यांनी आपल्या गाडीतून वीज मोजायचा मीटर आणला, बॅटरीची एक वायर सोडवून तो मध्ये जोडला आणि गाडीतलं सगळं आपोआप बंद होईपर्यंत थांबायला सांगितलं. बंद गाडी फार तर किंचित वीज ओढते; आमची सारखी ओढतच होती.

"काका, तुम्ही आकडा पाहा. मी एकेक फ्यूज काढून राहिलो. उतरला की मले सांगा."

बाबा बॉनेटवर वाकले. "तसाच आहे गा... तसाच आहे..." आणि मग एकदम मोठ्याने, "उतरला! उतरला गा!"

तो फ्यूज म्युझिक सिस्टीमचा होता. बसवणाऱ्याने वायर अशी जोडली होती की किल्ली काढली तरी सिस्टीम जागीच राही.

"ताई, हे कधी बसवलं?"

"दिवाळीत. मीच बसवून घेतलं," मी म्हणाले.

"मग काका, तुम्ही काहून मनाले लावून घेता? तुमचा काही दोष नाही." एवढं बोलून त्यांनी आपल्या बॅटरीवरून आमची गाडी सुरू करून दिली आणि ते बायकोसोबत गडाकडे निघून गेले. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

मी तिथेच बाबांचे पाय धरले. "जाऊ दे वं," म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नागपूरला आल्यावर वायर नीट करून घेतली, किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती परत सरकवली. "तूच ठेव. मले भेव वाटते आता."

त्या माणसाला रामाने धाडलं की योगायोग होता, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की मी बाबांसाठी मागायला गेले होते आणि दाखवली गेली ती माझी चूक. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, जरी ती कळायला फार उशीर झाला. माझ्या बोलण्याने बाबांचा स्वतःवरचा जो विश्वास गेला, तो मला परत आणता आलेला नाही. आता देवापुढे बसले की मागणं मागत नाही. डोकं टेकवते, आणि तो दाखवेल ते बघायची तयारी ठेवते.