चंद्रावरच्या दुपारचं पाणी

मी काही लिहावं एवढी माझी लायकी नाही, हे आधीच सांगतो. शाळा इंग्रजीत झाली, मराठी घरी ऐकून आली. चुका होतील, माफ करा. पण हे पप्पांबद्दल आहे, आणि पप्पांशी मी दुसऱ्या भाषेत कधी बोललो नाही.

पप्पा सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होते. मी तारनाक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. प्रोजेक्टला मला चंद्रावरचं पाणी मिळालं. डबकं नव्हे. मातीच्या कणांना चिकटलेलं पाणी आणि हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूची जोडी. मातीवरून परतणाऱ्या उन्हातला, डोळ्यांना न दिसणारा एक भाग हे दोन्ही शोषतात आणि आलेखात तिथे खड्डा पडतो. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या नोंदींत तो खड्डा सकाळी खोल होता, दुपारी उथळ, संध्याकाळी पुन्हा खोल.

"मग दुपारी पाणी जातं कुठं?" पप्पांनी विचारलं.

"थोडं उडतं, थंड जागेकडं सरकतं."

"आणि संध्याकाळी परत येतं?"

"हौ."

"लई शहाणं पाणी आहे."

आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर पोरांचं यश उभं राहून सांगायची रीत आहे. कुणाची दहावी, कुणाची नोकरी. त्या रविवारी पप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोरानं शोधलं, चंद्रावरचं पाणी दुपारी उडतं." हे माझ्या आधी कितीतरी लोकांनी पाहिलेलं होतं, पण मला मध्येच बोलवेना. मागून एक काका म्हणाले, "आमच्या नळाचं बी दुपारीच जातं, त्याचा बी शोध लाव रे बाबा." सगळे हसले. पप्पा सगळ्यांत जास्त हसले.

पंधरा दिवसांनी प्रोजेक्टच्या मॅडमनी माझी चूक दाखवली. भर दुपारी चंद्राची माती इतकी तापते की ती स्वतःच उन्हाच्या त्याच न दिसणाऱ्या भागात प्रकाश सोडते आणि खड्डा भरून टाकते. ही उष्णता वजा करावी लागते. ती मी केली होती, पण सगळ्या जमिनीला एकच तापमान धरून. उन्हातला उतार आणि दगडाची सावली सारखी कशी तापतील? नीट वजा केल्यावर दुपारचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. उरलेला खरा की नुसता गोंधळ, ते मला सांगता येईना.

मी घरी बोललो नाही. पप्पा सगळ्यांसमोर उभे राहिले होते, आता त्यांना काय तोंड दाखवू? सगळं दुरुस्त झालं की सांगू, असं ठरवलं. रविवारी विहारात जाणं बंद केलं.

"आज येतोस का?"

"नको पप्पा, काम आहे."

"हौ, काम कर."

काम नसायचंच. लायब्ररीत नुसता बसायचो. असे पाच रविवार गेले. सहाव्याच्या आत, एका बुधवारी, दुकानातच पप्पांच्या छातीत दुखलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते गेले होते. सांगायचं ते राहिलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं एकेक उठून पप्पांबद्दल बोलत होती. मी मम्मीशेजारी मान खाली घालून बसलो होतो. आता कुणीतरी चंद्राचं काढील, एवढीच भीती होती. तेच नळवाले काका उठले. म्हणाले, मागच्या महिन्यात पप्पा डबा द्यायला पोराच्या कॉलेजात गेले होते. पोरगं जागेवर नव्हतं. मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पुढच्या रविवारी विहारात ते आपणहून उभे राहिले.

मग काका माझ्याकडे बघून, पप्पांचेच शब्द म्हणून बोलले, "मागं सांगितलं ते चुकलं होतं. पोरगं परत मोजतंय. लाजून येईना झालंय, त्याला कुणी काही विचारू नका."