आबांची ढब आणि ग्रीक नायक

मित्रांनो, आज माझं चुकलं.

मी सांगलीत व्हिडिओ गेमची पात्रं काढते. सध्याचा नायक ग्रीक पुराणकथांवर बेतलेला मेंढपाळ योद्धा आहे. त्याची उभं राहायची ढब माझ्या वडिलांची. त्यासाठी म्हसवडला आबा खांद्यावर घोंगडी टाकून तासभर उन्हात उभे राहिले होते.

आज ते माझ्याकडे आले होते. व्हिडिओ कॉलवर साहेबांनी विचारलं, "ही ढब कुठून सुचली?"

"ग्रीक पुतळे बघून," मी म्हणाले.

आबा शेजारीच बसले होते. कॉल संपल्यावर तेच म्हणाले, "आसू दे गं. तुज्या सायबास्नी धनगर कुठला म्हाईत आसतोय?"

दुपारच्या एसटीनं ते गेले.

साहेबांना मी खरं कळवलंय. आबांना फोन करायचा धीर होत नाही. आपल्याच माणसाचं नाव घेताना तुमची जीभ कधी अडखळलीय का?