तक्त्यात न घेतलेली ओळ

माझं पोट कोणत्या पद्धतीने लहान करावं, याबद्दल गेल्या वर्षी सगळ्यात कमी बोललेला माणूस मीच असेन. बाकी प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं.

वजन एकशे सव्वीस किलो. शुगर सहा वर्षांपासूनची, गोळ्यांवरून इंजेक्शनवर आलेली. शिवाय छातीत अशी जळजळ, की जेवल्यावर पाठ टेकवता येत नसे. दवनीवाड्याकडच्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. वाकणं जमेना म्हणून फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर लिहिणं मी सोडून दिलं होतं. गोंदियाला महिन्यातून एकदा नागपूरचे एक सर्जन येतात. ते म्हणाले, आता नुसत्या पथ्याने भागणार नाही, ऑपरेशन करू. स्लीव्ह की बायपास ते पुढच्या भेटीत ठरवू, तोवर वाचून या. चुकीचं ठरलं तर आजार तसाच राहणार होता, आणि कापलेलं पोट काही परत येणार नव्हतं.

‘वाचून या’ हे ऐकून मला धीर आला. आमच्या घरात वाचून काही ठरवणारा मी पहिलाच. आईने आमच्या गावी, केशोरीत, लोकांच्या भाताच्या बांध्यांमध्ये रोवणे, म्हणजे रोपांची लावणी, करून मला बी.एस्सी.पर्यंत पोचवलं, आणि कॉलेजचा फॉर्म कसा भरायचा हे गावातल्या गुरुजींनी ओट्यावर बसवून दाखवलं. या दोघांचं ऋण मी मानतो. पुस्तकात पाहून केलेली गोष्ट चुकत नाही, असं तेव्हापासून मला वाटत आलं आहे.

सर्जनच्या खोलीबाहेर एक मुलगी प्लास्टिकचं पोट घेऊन माहिती द्यायला बसलेली असे. ‘स्लीव्हमध्ये पोटाचा मोठा भाग काढून टाकतो सर, केळ्याएवढी नळी उरते. बायपासमध्ये वर छोटी पिशवी करतो आणि खालचं आतडं तिला जोडतो. आपल्याकडे स्लीव्ह जास्त चालतं.’ साडीच्या दुकानातही मला हेच सांगतात, की हे जास्त चालतं.

स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी बायपास एका वाक्यात निकालात काढला. ‘नका करू सर. माझ्या साडभावाच्या शेजाऱ्यानं केला, केस गेले त्याचे.’

‘वजन?’

‘वजन उतरलं. पण केस गेले ना.’

सांगणाऱ्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता, आणि त्याचं कोणतंच ऑपरेशन झालेलं नव्हतं.

गोंदियात तांदळाचा व्यापार करणारा माझा साळा त्याहून पुढचा. ‘जिजाजी, कायले कापाकापी करून राहिले? बलून टाका. छह महिने में निकाल देते. फिर खाओ.’ हे सांगताना तो समोसा खात होता आणि दुसरा माझ्यापुढे सरकवत होता. पुन्हा खाता यावं म्हणून माणसाने सहा महिने पोटात फुगा घेऊन हिंडायचं, हे त्याला शहाणपण वाटत होतं.

आईने तर ऑपरेशनच नाकारलं. ‘पोट भरून रायलं म्हणून कापाचं का गा बाबू? हेच भराले मी चिखलात वाकली.’  हसण्याजोगं तिच्या बोलण्यात काही नव्हतं.

बाकीच्यांची मात्र मला कीव येत होती. ऐकीव गोष्टींवर मतं ठोकणारी ही माणसं, आणि मी विज्ञानाचा पदवीधर. मी रजिस्टरचा कागद फाडून पट्टीने रेघा मारल्या आणि तक्ता केला. डावीकडे स्लीव्ह, उजवीकडे बायपास. किती वेळ लागतो, किती दिवस रजा, पुढे कोणत्या गोळ्या, शुगरवर परिणाम, धोके. पंधरा दिवस वाचलं. स्लीव्ह जिंकलं. आतड्याची जोडाजोड नाही, जन्मभराच्या गोळ्या कमी. निळ्या शाईने खाली निष्कर्ष लिहिला, जसा मुलांना प्रयोगवहीत लिहायला लावतो.

ठरलेल्या दिवशी बायकोला बरोबर घेऊन गेलो. डॉक्टरांनी तक्ता मनापासून वाचला. मग विचारलं, ‘सिगारेट?’

‘नाही.’

‘दारू?’

‘नाही.’

‘तंबाखू?’

‘नाही,’ मी म्हणालो, आणि खोटं बोलतोय असं मला वाटलंही नाही.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘अन् खर्रा कायचा बनते?’

‘खर्रा म्हणजे काही तंबाखू नाही,’ मी म्हणालो. ‘सुपारी असते त्यात.’

‘चुना हाय, सुपारी हाय. अन् घोटून घोटून काळं होते ते का गुळ हाय? वरच्या खिशात हाय डॉक्टरसाहेब. सकाळपासून दुसरी पुडी.’

डॉक्टरांनी हात पुढे केला. मी रबर लावलेली प्लास्टिकची पुडी टेबलावर ठेवली. त्या स्वच्छ खोलीत तिचा वास पसरला. विज्ञानाचा शिक्षक खर्ऱ्यात तंबाखू नसतो असं सांगत होता. माझ्या वर्गातल्या कुणी असं म्हटलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

‘तुमची जळजळ आणि शुगर पाहता मी बायपास सुचवलं असतं,’ डॉक्टर म्हणाले. ‘स्लीव्हनंतर ही जळजळ वाढू शकते. ते तुमच्या तक्त्यात नाही.’

‘वाचलं नव्हतं,’ मी म्हणालो.

‘आणि तंबाखू सोडायचा नसेल तर बायपास करता येणार नाही. जोडलेल्या जागी जखम होते, रक्त वाहतं. हेही तक्त्यात नाही.’

 ती ओळ मी वाचली होती. कोणत्या पानावर, तेही आठवत होतं. जळजळीची ओळही तिथेच खाली होती. दोन्ही वाचून मी पान उलटलं होतं, पुडी उघडून खर्रा तोंडात टाकला होता, आणि मग स्लीव्हच्या रकान्यात रजेचे दिवस कमी लागतात असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. गणिताच्या सरांनी निदान केसांची काळजी केली. साळ्याने समोशाची केली. मी पंधरा दिवस पट्टी आणि निळी शाई घेऊन खर्ऱ्याची सोय लावत होतो, आणि त्याला अभ्यास म्हणत होतो.

‘बायपास,’ मी म्हणालो.

‘आधी तीन महिने हे बंद. तपासणीत कळतं. मग तारीख देतो.’ त्यांनी पुडी दोन बोटांनी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझी नजर तिच्यामागे डब्यापर्यंत गेली, आणि ते बायकोने पाहिलं.

केशोरीला फोन केला तेव्हा आई म्हणाली, ‘खर्रा सोडाले डाक्टर लागला का गा तुले? मी का दहा वर्षं भिंतीले सांगून रायली होती?’ ऑपरेशनबद्दल ती अजून नाराज आहे. पण या एका गोष्टीसाठी तिने त्या डॉक्टरांना आशीर्वाद दिला.

दोन महिने होत आले. शाळेच्या फाटकाजवळचा ठेलेवाला मला पाहिलं की अजून सवयीने घोटायला घेतो. गणिताचे सर म्हणतात, ‘चिमूटभर घ्या हो, तारखेला वेळ आहे.’

परवा शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ झाली. दरवर्षी ती मीच सांगत आलो; गालातली खर्ऱ्याची गोळी जिभेने मागे सरकवून, उजवा हात पुढे करून, स्पष्ट उच्चारात. यंदा मी नको म्हणालो आणि मुलांच्या शेवटच्या रांगेमागे जाऊन उभा राहिलो. शपथ मुख्याध्यापकांनी सांगितली. त्यांचा डावा गाल भरलेला होता, त्यामुळे ‘तंबाखू’ म्हणताना ते जरा मान वर करत. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजवर माझ्यातही वाटलं नव्हतं.

मी हात पुढे करून एकेक वाक्य म्हटलं. तोंड कोरडं पडलं होतं, आणि मला खर्रा हवा होता.