सोफ्यावर बसवलं तेव्हा

बाईंनी आधी सोफ्यावर टॉवेल अंथरला. मग म्हणाल्या, "बसा मावशी."

मी बाईंपेक्षा लहान. पण धुणीभांडी करणारी, म्हणून मावशी. मुलुंडच्या त्या घरात दर रविवारी साहेबांची मित्रमंडळी जमायची. बोलणं एकच, माणसाचं स्वातंत्र्य. मी आत पोहे करायची आणि ऐकायची. चौथीपर्यंतच शिकलेय, तरी बरंच कळायचं. कुणी कुणाचा मालक नाही. प्रत्येकाचं मन त्याचं स्वतःचं. बरं वाटायचं. कढई घासताना तेच डोक्यात फिरायचं.

त्या रविवारी साहेबांनी मला बाहेर बोलावलं. त्यांच्यात बसवलं. बाकी कुणाच्या खाली टॉवेल नव्हता.

"मावशी, तुम्हाला स्वतंत्र वाटतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला चार माणसांत बोलता येत नाही. पदर मुठीत धरून बसले.

साहेब मित्रांकडे वळले. "बघा. स्वातंत्र्य दिलं तरी यांना घेता येत नाही. मनच घडलेलं नसतं."

माझ्यासमोर. मी तिथे नसल्यासारखं. माना हलल्या. कुणीतरी पोहे मागितले. मी उठून वाढले.

विक्रोळीला चाळीत आल्यावर शेजारच्या लताला सांगितलं. तीही घरकामच करते. ती हसली. "सोफ्यावर बसवतात ना तुला? माझी मालकीण संडासला जाऊ देत नाही. येडी आहेस का गं?"

मग कुणालाच सांगितलं नाही. आठवडाभर साहेबांचं ते वाक्य एकटीच चघळत राहिले. स्वातंत्र्य दिलं म्हणजे? माझं ते यांच्याकडे गेलं कधी?

पुढच्या रविवारी पुन्हा हाक. "या मावशी, बसा."

"नाही बसणार." आवाज कापत होता. "मला बसायचंय का, ते कुणी विचारलंच नाही."

मग साहेब हसले. "वा. आपल्या चर्चेचा परिणाम." टाळ्या वाजल्या.

माझं 'नाही'सुद्धा त्यांनी स्वतःचंच करून टाकलं. भरल्या घरात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

आत जाऊन गॅस बंद केला. बाईंना म्हटलं, "यापुढे रविवारी येणार नाही."

"मग आम्हाला दुसरी बघावी लागेल, मावशी."

"बघा."

त्यांना दुसरी मिळाली. मला अजून कामाला दुसरं घर मिळालेलं नाही. लता म्हणते, जाऊन माफी माग. मी जाणार नाही. नवं घर लागलं की पहिल्याच दिवशी सांगणार, मी काय करीन आणि काय करणार नाही. आवाज कापला तरी सांगणार.