स्वच्छ कत्तलखाना

आमच्याकडे राखणदार देवाला दरवर्षी कोंबडा देतात. कापण्याआधी वडील त्याच्यासमोर तांदूळ टाकत, वाटीतून पाणी पाजत. म्हणत, "तहानेलो जीव देवाक चालणा नाय."

बाजारामागे सरकारी कत्तलखाना बांधून झाला, पण नळाला पाणीच आलं नाही, म्हणून तो बंद. बोकड त्याच्या मागच्या भिंतीपाशी भर उन्हात बांधतात आणि एकमेकांच्या डोळ्यांदेखत कापतात. गेल्या उन्हाळ्यात मी तक्रार केली. साहेब आले, कुलूप काढून आत गेले, पांढऱ्या टाइल्सवरून बोट फिरवून खूश झाले.

"एवढा स्वच्छ कत्तलखाना जिल्ह्यात दुसरा नाही."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, तो कोणी वापरतच नाही! बोकड ओरडतायत, ऐकू येत नाही? जरा मागे चला."

"मागची जागा आमच्या अखत्यारीत येत नाही," म्हणत त्यांनी कुलूप लावलं.

मी समोरच्या हॉटेलातून बादलीभर पाणी मागून मागे नेलं. बोकड त्यावर तुटून पडले. कापणारा हसला. "आता कापूचेच आसत, तेंका पाणी कित्याक?"

वडिलांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण हे बोकड देवासाठी नव्हतेच. ते आमच्या रविवारसाठी होते, आणि आम्हाला काहीही चालतं.