खिडकीच्या दहा खेपा

सुई टोचायच्या आधी ते उजव्या हाताची मूठ तोंडासमोर धरायचे, घसा खाकरायचे आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. सकाळी सात वाजता सुटणारी परभणी ते परभणी, मार्गे मशीन, ही गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." मग डावा हात माझ्यापुढे करायचे. "लावा सिस्टरबाई. आता चार तास मधी कुठं थांबायची न्हाई ही."

मी सिस्टर नाही, डायलिसिस टेक्निशियन आहे. पहिल्या महिन्यात हे त्यांना दहा वेळा तरी सांगितलं असेल. ते दर वेळी "बरं बरं सिस्टरबाई" म्हणायचे. मी नाद सोडला.

तुम्ही कधी परभणीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसला असाल, तर त्यांचा आवाज तुमच्या कानावरून गेलेला आहे. तीस वर्षं ते तिथे कंट्रोलर होते. खिडकीमागे बसून कोणती गाडी कुठल्या फलाटावर, कोणती उशिरा, कोणती रद्द, हे सांगायचं त्यांचं काम. आमच्याकडेही सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणत. स्टँडवर त्यांनी शिव्या फार खाल्ल्या, असं ते अभिमानानं सांगायचे. बाकीचे लोक "येतेय, दहा मिनिटांत येतेय" म्हणून गर्दी थोपवून धरत. हे सरळ सांगून टाकत, "चारठाण्याची गाडी रद्द. दुसरी सोय बघा."

"शिव्या देत का होईना, मानूस घरी पोचतो," ते म्हणायचे. "खोट्या अनाउन्समेंटवर बसलेला स्टँडातच राहतो. मी ते पाप केलं न्हाई."

निवृत्त झाले आणि साखरेनं मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यात तीन दिवस ते आमच्याकडे येऊन चार-चार तास मशीनवर रक्त धुऊन घेत. या फेरीला त्यांनी 'खेप' नाव दिलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. पाच बेडचा आमचा वॉर्ड, पहिल्या मजल्यावर. चार नंबरचा बेड खिडकीशी. स्टँडातून सुटणारी गाडी त्या खिडकीखालूनच वळते. सगळ्यात जुने पेशंट म्हणून तो बेड त्यांचा, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं. साखरेमुळे त्यांना पेपरातलं अक्षर दिसत नसे, पण गाडी दिसायची. "नऊ पाचची जिंतूर. आज नऊ बाराला," असं ते कुणालाही न विचारता जाहीर करायचे.

टेनिसशी त्यांचा संबंध आला तो आमच्या टीव्हीमुळे. त्याच्यावर खेळाचं एकच चॅनल नीट दिसायचं आणि चार तास डोळे कुठेतरी ठेवायला लागतात. पहिल्या दिवशी ते गुण ऐकून चिडलेच. "पंधरा. तीस. ठीक हाय, घड्याळाचा हिशोब हाय. मग पुढं पंचेचाळीस पायजेत का न्हाई? चाळीसच म्हणायलेत! पाच मिनिटं आगूदर गाडी सोडायलेत का हे?" ते कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही, पण खेळाचं वेड लागलं ते लागलंच.

मोठी स्पर्धा आली, की तिच्या आधीच्या शुक्रवारी त्यांचं भाकीत व्हायचं. दोन नंबरच्या बेडवरचे निवृत्त गुरुजी पेपरातून कोण कुणाशी खेळणार ते वाचून दाखवत आणि जुन्या तक्त्याच्या पाठीवर लिहूनही घेत. मग कंट्रोलर एकेकाला गाडी नेमून द्यायचे. "हा पहिल्या नंबरचा गडी म्हंजे एक्स्प्रेस. चुडाव्याला थांबायची न्हाई, सरळ फायनल." "हा उंच पोरगा निमआराम हाय. दिसायला भारी, चढावर दम सोडतो." "ही डावखुरी म्हंजे लाल गाडी. आवाज लय, पण पोचती."

पुढे यायचा भाव. पैज काय लावणार हो आमच्याकडे? चहा लावावा, तर पाणी मोजून प्यायचं. पेरू लावावा, तर पेरू बंद. पैसे मी लावू दिले नसते. तेव्हा त्यांनी खिडकी लावली. पट्टीचा खेळाडू जिंकला, तर त्याच्यावर लावणाऱ्याला खिडकीच्या बेडची एक खेप. मधल्याला तीन. कुणी विचारत नसलेल्याला पाच. या सगळ्या खेपा ते स्वतःच्या खिडकीतून देणार. हरणाऱ्यानं त्यांना एक दिवस पेपर वाचून दाखवायचा. गुरुजी कायम पट्टीच्या खेळाडूवर लावत आणि तरी हरत. पेपर बहुतेक तेच वाचायचे.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. स्पर्धा पंधरा दिवसांची असते, म्हणजे आमच्या सहा खेपा. आमचा पेशंट पुढच्या खेपेच्या पलीकडचं काही बोलत नाही. आणि हा माणूस सगळ्यांना सहा खेपांनंतरच्या गोष्टीवर भांडायला लावायचा.

त्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातली स्पर्धा होती. आदल्या शुक्रवारी भाकिताला रंग चढला होता आणि भिंतीकडच्या एक नंबरच्या बेडवरून अक्का म्हणाल्या, "सोमवारपासून मी यायची न्हाई."

अक्का राणीसावरगावच्या. वय साठीच्या पुढे. मुलगा मोटरसायकलवर गंगाखेडपर्यंत आणायचा, तिथून दोघं बसने. आता मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते.

"कोन आनील मला? मला पाट्या वाचता येत न्हाईत. आन् कशापायी? लय झालं जगून."

मी माझ्या पद्धतीनं समजावलं. म्हणजे रागावले. मशीन सोडली तर काय होतं, किती दिवसांत होतं, सगळं तोंडावर सांगितलं. पंधरा दिवस, फार तर. अक्का शांतपणे ऐकत होत्या. त्यांचं ठरलेलं होतं आणि माझं बोलणं त्यांना गावातल्या लाऊडस्पीकरसारखं लांबून येत असावं.

कंट्रोलरनी भिंतीकडे मान वळवली. मग म्हणाले, "अक्का, तुमचं लावायचं राहिलंय."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"न कळनाऱ्यालाच लागतंय. गुरुजी, तो बायकांच्या फोटूचा कागद द्या तिकडं."

अक्कांनी पेपर डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ बघून एका मुलीवर बोट ठेवलं. कुठल्यातरी थंड देशातली, नाव घेताना जीभ अडखळावी अशी. पात्रता फेरीतून कशीबशी आत आली होती. "ही. हिचे हात कामाचे हायत. बाकीच्या नुसत्या उभ्या हायत."

गुरुजी हसले. "अक्का, ही पहिल्या दिवशीच घरी जाईल."

"भाव एकास दहा," कंट्रोलर म्हणाले. दहा खेपा म्हणजे तीन आठवड्यांच्या वर. "ही जिंकली तर दहा खेपा खिडकी अक्कांची. पन एक नियम. पैज हजर मानसाची. एक खेप चुकवली, की बाद."

हा नियम त्यांनी त्याच क्षणी काढला होता. अक्कांनी खिडकीकडे पाहिलं. "उजेड लय येतो तिथं," इतकंच म्हणाल्या.

त्या दुपारी कंट्रोलरनी मशीनवरून उतरताच फोन लावले. राणीसावरगावच्या पहिल्या गाडीवर कोण, गंगाखेडला बदली गाडी कोणती, तिचा कंडक्टर कुणाचा कोण. "माझी बहीन हाय. दारामागची सीट ठिवायची आन् दवाखान्याम्होरं उतरवायचं. पाट्या वाचता येत न्हाईत तिला."

सोमवारी सात वाजता एक नंबर रिकामा. साडेसात, रिकामा. मी तिथे वेटिंगमधला पेशंट घ्यायच्या बेतात होते. साडेआठला जिन्यावर चपला वाजल्या. अक्का एकट्या आल्या होत्या, पदर घट्ट खोचून. त्या दिवशी त्यांनी निवडलेली मुलगी टीव्हीवरच खेळत होती आणि सगळ्यांचं भाकीत खोटं पाडून जिंकली. अक्कांना खेळ कळत नव्हता, पण शेवटी तिनं दोन्ही हात वर केले तेव्हा अक्का म्हणाल्या, "झालं वाटतं तिचं काम." वॉर्डात टाळ्या पडल्या. माझ्यासुद्धा.

बुधवारी अक्का आल्या. शुक्रवारी त्या यायच्या आधी गुरुजी पेपर वाचत होते आणि मधेच थांबले. "गेली," ते म्हणाले. "काल सरळ दोन सेटमध्ये हरली."

कंट्रोलरनी डोळे मिटले. जिन्यावर चपला वाजायला लागल्या. अक्का एकेक पायरी सावकाश चढतात. तेवढ्या पायऱ्या कंट्रोलरनी विचार केला.

"गुरुजी, पेपर मिटा."

अक्का आत आल्या. श्वास लागला होता. बसायच्या आधीच विचारलं, "काय झालं वं तिचं?"

त्यांनी मूठ तोंडासमोर धरली. आवाज नेहमीसारखा लागला नाही. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. अक्कांची गाडी उशिरा सुटली होती. पण पुढच्या फलाटावर पोचली आहे."

मला हे पटलं नाही. आमच्या कामात वजन, प्रेशर, काही खोटं लिहायचं नसतं आणि मला तशीच सवय आहे. सुई काढताना मी हळूच म्हटलं, "खोटी अनाउन्समेंट पाप असते म्हणायचात ना?"

"पहिलीच हाय सिस्टरबाई," ते म्हणाले. "तीस वर्षांत पहिली." आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मग काय, सगळा वॉर्ड त्यात सामील. मीसुद्धा. अक्का विचारायच्या, "आज दिसायची न्हाई का ती?" आणि कुणीतरी सांगायचं, तिचा सामना दुपारचा, तुमची गाडी गेल्यावर. एकदा गुरुजींनी तिनं कशी मुसंडी मारली ते इतकं रंगवून सांगितलं, की त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं. शनिवारी बायकांची फायनल झाली. जिंकणारी अर्थातच दुसरी होती. सोमवारी कंट्रोलरनी अक्का येईपर्यंत सुई लावू दिली नाही, मग जाहीर केलं, "राणीसावरगावची गाडी शेवटच्या स्थानकावर पोचली आहे," आणि आपली उशी-पांघरूण उचलून भिंतीकडे एक नंबरवर गेले.

अक्का खिडकीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

भिंतीकडून कंट्रोलरना छताशिवाय काही दिसत नव्हतं. थोड्या वेळानं आवाज आला, "अक्का, नऊ पाचची जिंतूर गेली का?"

"लाल हाय. मागं काच फुटलीय."

"ती पाथरीची. तिच्या मागून यील बघा."

असं ते सुरू झालं. पाचव्या खेपेपर्यंत अक्का न विचारता सांगू लागल्या. पाट्या वाचता येत नसलेली ती बाई गाडी ओळखायला शिकली. दारावरच्या खरचट्यावरून, कंडक्टरच्या उभं राहण्यावरून. कंट्रोलर भिंतीकडून चुका काढत आणि त्या दुरुस्त करून घेत.

नवव्या खेपेला कंट्रोलरना चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं. पायावर सूज, हृदय थकलेलं. ऑक्सिजन लावला. घोषणा झाली नाही, मूठ अर्ध्यातूनच खाली आली. मी खिडकीजवळ दुसरं मशीन बघत होते. खाली जलवाहिनीसाठी रस्ता खोदला होता, सकाळपासून एकही गाडी तिकडून वळली नव्हती.

"अक्का... नऊ पाचची?"

अक्कांनी मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"गेली की दादा. टायमावर गेली. गच्च भरून."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांना झोप लागली.

रविवारी दुपारी घरीच गेले ते. सोमवारी अक्का आल्या तेव्हा एक नंबरवर नवा माणूस होता. वेटिंगची यादी आमच्याकडे कुणासाठी थांबत नाही. मी अक्कांना बाहेरच गाठून सांगितलं. त्यांनी वजन करून घेतलं, आत जाऊन खिडकीच्या बेडवर बसल्या आणि बराच वेळ खाली बघत राहिल्या.

"ती पोरगी दुसऱ्याच खेपेला हरली व्हती ना वं?"

माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

"शेजारच्या पोरीनं ती हरली त्याच सांजंला मोबाईलात दाखवलं व्हतं मला. मी म्हनलं, दादा काय सांगतेत बगू. तर तेनी ते असं सांगितलं."

"मग तुम्ही येत का राहिलात?"

"आता बग माय. जल्मात खोटं न बोललेला मानूस माझ्यापायी समद्यांच्या म्होरं खोटं बोलाया लागला. लाजला किती, तू बगितलंस न्हवं? आन् मी घरी बसू?"

मला रडू आलं. मास्क होता म्हणून निभावलं. आणि नको ते तोंडून गेलं. "पण आता ते नाहीत, अक्का. आज कशा आलात?"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मला काही समजत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"आज सोमवार न्हाई का?" त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केला.